तिथं कोण राहतंय?

सोजरबाई रणपिसे आमच्या नगरपालिकेच्या दवाखान्यात आया होत्या आणि मी तिथला कंपाउंडर. माझं नाव चांगदेव. मूळचा वरवंडचा, नोकरीसाठी इथं आलो आणि इथलाच होऊन गेलो. गाव शिरूर आणि दौंडच्या मधलं, लहानशा पालिकेचं. त्याचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण या हकिगतीतली माणसं अजून रोज एकमेकांच्या समोर येतात. सोजरबाईंबद्दल गावात सगळे चांगलं बोलतात, आणि त्यात खोटं काही नाही. पण एवढंच सांगून त्या स्वतःच मला थांबू देणार नाहीत.

त्या सातवी शिकलेल्या. केसपेपर वाचायच्या, सही ठसठशीत करायच्या, पण अर्ज लिहायचा म्हटलं की माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहायच्या. "चांगदेवभाऊ, मी सांगते तसं लिवा. पण हापिसाच्या भाषेत." मी लिहायचो. त्यांचे यजमान शंकरराव दौंडला रेल्वेत होते, आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचे. मुलगी दीक्षा शाळेत हुशार. घर भीमनगरात. आणि भीमनगराच्या पाठीमागं, विहारापासून जेमतेम पन्नास पावलांवर, ओढ्याच्या काठाला अख्ख्या गावाचा कचरा पडायचा.

हे कधी आणि कुणी ठरवलं ते कुणाला सांगता येत नव्हतं. भाजीबाजारातला सडका माल, खाटकाच्या दुकानातली घाण, आमच्या दवाखान्यातल्या रक्ताच्या पट्ट्या, सगळं रोज सकाळी दोन ट्रॅक्टर भरून तिथं रिकामं व्हायचं. मुकादमाला विचारलं तर तो म्हणायचा, "पहिल्यापासनं हितंच टाकत्यात." उन्हाळ्यात ढीग पेटायचा तो महिना-महिना धुमसत राहायचा, आणि पावसाळ्यात त्याचं पाणी वस्तीत शिरायचं. दवाखान्यात हगवणीची लेकरं आली की केसपेपरवरचा पत्ता न विचारताही आम्हाला कळायचा. एका भाद्रपदात सोजरबाईंच्या शेजारणीचं सात महिन्यांचं बाळ आमच्या टेबलावरच गेलं. सोजरबाईंनीच त्याला पुसून आईच्या ओटीत दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पहिला अर्ज लिहायला लावला.

असे अर्ज दोन वर्षं गेले. उत्तर एकाचंही आलं नाही. मग सत्त्याण्णव साली वैशाखी पौर्णिमेला त्यांनी नव्यानं आलेल्या मुख्याधिकाऱ्यांना विहारात खिरीला बोलावलं. साहेब तिशीतले, अजून नाही म्हणायला न शिकलेले. ते आले. सकाळचे अकरा वाजले असतील. सोजरबाईंनी स्टीलच्या वाटीत खीर दिली, आणि साहेबांनी चमचा उचलायच्या आत वाटीचा काठ माश्यांनी काळा झाला. त्यांनी एकदा हात हलवला, दोनदा हलवला. एक माशी खिरीतच पडली.

"घ्या साहेब," सोजरबाई म्हणाल्या. "आमची पोरं अशीच खात्यात. एका हातानं हाकायच्या, दुसऱ्या हातानं खायचं. तुम्ही खा, मी हाकते."

आणि खरोखर त्या शेजारी बसून पुठ्ठ्यानं माश्या हाकायला लागल्या. साहेबांनी कसेबसे दोन चमचे खाल्ले. त्यांचे कान लाल झाले होते.

"बाई, हा कचरा डेपो हलवतो," ते म्हणाले. "पण नेऊ कुठं? जागा तुम्हीच सुचवा. लेखी द्या, म्हणजे मला सभेपुढं ठेवता येईल."

चार दिवसांनी आम्ही दोघं त्यांच्या केबिनमध्ये गेलो. टेबलावर गावाचा नकाशा पसरलेला होता. सोजरबाईंनी त्यावर थोडा वेळ बोट फिरवलं आणि उत्तरेकडच्या माळावर ठेवलं. "ही खडीची जुनी खाण. बंद पडलीया. हितं टाका."

"तिथं वस्ती वगैरे?" साहेबांनी विचारलं.

सोजरबाईंचं बोट नकाशावरनं हललं नाही. "तिथं कोण राहतंय? मेंढरं हिंडत्यात नुसती."

मी तिथंच बसून ते हापिसाच्या भाषेत केलं. 'सदर ठिकाणी लोकवस्ती' एवढं लिहिल्यावर माझं पेन थांबलं. मी सोजरबाईंकडं पाहिलं. त्यांनी नकाशाकडं पाहिलं. साहेब घड्याळ बघत होते. मग मी पुढं लिहिलं, 'नसून जागा ओसाड आहे.' सोजरबाईंनी सही केली.

पेन का थांबलं ते सांगायला हवं. त्याच वर्षीच्या जानेवारीत पोलिओचे डोस पाजायला आम्ही दोघंच त्या माळावर गेलो होतो. खाणीच्या पल्याड धनगरांची सात-आठ घरं आहेत. पूर्वी त्यांची मेंढरं पार कोकणात उतरायची. आता बाजरी, कांदा, आणि जुनी सवय म्हणून राखलेली थोडी मेंढरं. रखमाजी त्या वस्तीतले मोठे. त्यांच्या बायकोनं, गिताबाईंनी, आम्हाला घोंगडी अंथरून बसवलं होतं, शेळीच्या दुधाचा चहा दिला होता. पाच लेकरांना डोस पाजले. त्यांच्या करंगळीला शाईची खूण सोजरबाईंनी स्वतःच्या हातानं केली होती. परतताना खाणीत साठलेल्या पाण्यावर मेंढरं उतरलेली बघून त्या म्हणाल्या होत्या, "काय निर्मळ जागा हाय ही."

म्हणजे ठाऊक नव्हतं असं नाही. दोघांनाही ठाऊक होतं.

जूनमध्ये ट्रॅक्टर माळाकडं वळले. भीमनगरात पेढे वाटले. ओढ्याकाठची जागा सपाट करून लोकांनी कडुलिंब लावले, करंज लावले. सोजरबाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, पेपरात फोटो आला. त्या पावसाळ्यात भीमनगरची फार थोडी लेकरं दवाखान्यात आली. तो आनंद खोटा नव्हता. मी त्यांना शेजारणीच्या नव्या बाळाला मांडीवर घेऊन हसताना पाहिलंय.

पण पुढच्या पोलिओला त्यांनी माळाची फेरी बदलून बाजारपेठेची मागून घेतली. "गुडघं दुखत्यात, माळाची चढण नको." मीही काहीतरी कारण सांगून पेठ घेतली. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दोन वर्षं अशीच गेली.

नव्व्याण्णवच्या दिवाळीनंतर एका सकाळी दवाखान्याच्या बाकावर गिताबाई येऊन बसल्या. हातात सिमेंटची रिकामी गोणी. पेशंट संपेपर्यंत बसून राहिल्या. मग गोणीतनं एक गोळा काढून त्यांनी बाकावर ठेवला. माणसाच्या डोक्याएवढा, हिरवा-काळा, आंबूस वासाचा. प्लास्टिकच्या पिशव्या एकमेकींत पीळ बसून दगडासारख्या घट्ट झाल्या होत्या. एका पिशवीवर आमच्या पेठेतल्या कापडदुकानाची अक्षरं अजून वाचता येत होती.

"मेंढीच्या पोटातनं निघालं हे," त्या म्हणाल्या. "पाच मेल्या. संपतनं, माझ्या लेकानं, एकीचं पोट फाडून बघितलं. हिरीच्या पाण्यालाबी वास येतोय. आंघूळ केली की अंगाला खाज सुटती."

सोजरबाई हात धुवत होत्या. नळ चालूच राहिला.

"आक्का, तुम्ही तुमच्या दारचा उकिरडा घालवला म्हणं," गिताबाई म्हणाल्या. "आम्हालाबी सांगा की कसा घालवायचा. कुठं जायचं, कुणाला भेटायचं. आम्हाला त्यातलं काय कळत न्हाई."

"येते मी तुमच्यासंगं," सोजरबाई म्हणाल्या. "सोमवारी."

गिताबाई गेल्यावर त्या माझ्या टेबलाशी आल्या. "भाऊ, तो कागद अजून असंल का हो?"

"असणारच. ठरावाला जोडलेला असतो."

"काढता येईल?"

रेकॉर्डला पोपट म्हणून माझ्या ओळखीचा कारकून होता. शनिवारी मी त्याच्याशी बोललो. तो म्हणाला, एका कागदाचं काय, उंदरानं खाल्ला म्हणून सांगू. मी सोजरबाईंना तसं कळवलं. रविवारी दुपारी त्या माझ्या घरी आल्या, उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"नको," म्हणाल्या. "राहू द्या तिथंच. एकदा खोटं लिवलं, आता ते पुसायला दुसरं करायचं. एवढं न्हाई जमायचं मला." जरा थांबून म्हणाल्या, "आज सकाळी माळाकडं निघाले होते. गिताबाईला आधीच सांगून टाकावं म्हटलं. अर्ध्या वाटेतनं परत आले."

सोमवारी आरोग्य निरीक्षकांच्या खोलीत रखमाजी, गिताबाई आणि सोजरबाई खुर्च्यांवर बसले. संपत भिंतीला टेकून उभा होता. मी दवाखान्याचं रजिस्टर द्यायच्या निमित्तानं दारात. निरीक्षकांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात झटकले. "तक्रारच कशी घेऊ? रेकॉर्डप्रमाणे तिथं वस्तीच नाही. फायलीला कागद आहे. पोपट, ती फाइल आण रे."

पोपट गेला. तो परत यायच्या आत सोजरबाई उभ्या राहिल्या.

"कागद माझा हाय," त्या रखमाजींकडं बघून म्हणाल्या. "आबा, मी लिहून दिलंय. तिथं कोण राहत न्हाई म्हणून. आमच्या हितला कचरा हलवायचा होता तवा."

रखमाजींना काही कळेना. त्यांनी कान पुढं केला. सोजरबाईंना तेच पुन्हा सांगावं लागलं, जरा मोठ्यानं.

"पण बाई," रखमाजी म्हणाले, "तुम्ही तर आमच्यात च्या पिऊन गेला होता."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. आपली ओळख पटवून देण्यात काहीतरी राहून गेलंय असं त्यांना वाटत असावं.

फाइल आली. निरीक्षकांनी कागद उलगडला. "सही तुमची दिसतेय बाई. पण अक्षर कुणाचं हे?"

"सांगितलं मी, सही केली मी. अक्षराचं काय घेऊन बसलाय?" सोजरबाई म्हणाल्या. माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही. मी रजिस्टर छातीशी धरून दारात उभा होतो. एवढंच बोलायचं होतं, 'माझं.' मी बोललो नाही.

गिताबाईंनी गोणीची घडी घातली. "चला," म्हणाल्या. सोजरबाई पायऱ्यांपर्यंत त्यांच्यामागं धावल्या. खालच्या पायरीवर गिताबाई थांबल्या आणि वळल्या.

"बाजारला येता-जाता तुमच्या वस्तीवरनं जायचो आम्ही," त्या म्हणाल्या. "तो ढीग, तो धूर. मी ह्यांना म्हणायची, कशी राहत असतील वं ही माणसं, कुणालाच कशी दया येत न्हाई. आक्का, दुसऱ्या कुणाला न्हाई तर तुम्हाला तरी कळायला पाहिजे होतं."

त्यानंतर सोजरबाईंनी पंधरा दिवसांची रजा टाकली. मी एकदा घरी गेलो तेव्हा शंकरराव आलेले होते. ते समजूत काढत होते, "तू काय वाईट व्हावं म्हणून केलंस का? आपली लेकरं मरत होती."

"मुद्दाम केलं," सोजरबाई म्हणाल्या. "चुकून झालं असतं तर झोप आली असती."

रजा संपल्यावर त्या थेट निरीक्षकांकडं गेल्या आणि खाणीतला डेपो बंद करा म्हणाल्या. निरीक्षक हसले. "कुठं नेऊ? सांगा दुसरी जागा. मागं सांगितली होतीत तशी." या वेळी त्यांना एकही जागा सांगता आली नाही. ज्या दिशेला बोट करावं तिकडं कुणाचं तरी दार होतं. रस्त्यानं चालताना त्या मला म्हणायच्या, "भाऊ, हलवायचंच डोक्यात धरलं तर कुठं तरी कुणी तरी असणारच."

पुढच्या उन्हाळ्यात दीक्षा मैत्रिणींबरोबर पाबळला शिकायला गेली होती. तिला भेटायला म्हणून सोजरबाई गेल्या आणि तिथल्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागं गांडुळांची वाफ्यासारखी टाकी बघून आल्या. घरातलं खरकटं, पालापाचोळा, शेण, आणि दीड-दोन महिन्यांत चहाच्या भुकटीसारखी काळी माती. त्यांनी ती मूठभर माती रुमालात बांधून आणली आणि डॉक्टरांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना हुंगायला लावली. "वास हाय का? सांगा, हाय का वास?"

त्यांनी ठरवलं, ओला कचरा वेगळा काढायचा आणि त्याची खतशेड पालिकेनं बांधायची. जागाही ठरवली: भीमनगरच्या मागची, जिथून ढीग हलवला तीच.

विहारात सभा झाली. लोक ऐकून घेईनात. "एवढ्या वर्षांनी सुटलो आन् परत आपल्याच उरावर?" सगळ्यांत मोठा आवाज दीक्षाचा. ती तेव्हा अकरावीत होती.

"आई, चूक तुझी झाली. भरायची ती तू भर. वस्तीला का भरायला लावतेस? पेठेतला कचरा पेठेमागं का न्हाई मुरवायचा? नगराध्यक्षांच्या बंगल्यामागं केवढं रान पडलंय. तिथं विचारायची हिंमत न्हाई म्हणून परत आपल्याच दारात आणायचं?"

सोजरबाई म्हणाल्या, "पोरगी बरोबर बोलतीया." आणि तिथंच मागणी बदलली. चार भागांत चार शेडी, ज्याचा कचरा त्याच्याच भागात. शिवाय खाणीतला डेपो बंद, आणि माळावरच्या लोकांना पालिकेचं नळाचं पाणी.

एवढं बोलायला सोपं होतं. त्यासाठी चार वर्षं गेली. अर्ज मीच लिहायचो, पण आता लिहिणं अवघड झालं होतं. प्रत्येक जागा सुचवायच्या आधी त्या तिथं स्वतः जायच्या, घरोघर विचारायच्या, कुणाची विहीर कुठं, कुणाची गुरं कुठं बसतात. मी लिहिलेलं दोनदा मोठ्यानं वाचून घ्यायच्या. "'अंदाजे' काढा. आपण फिरून आलोय, अंदाज कशाला?" माळावरच्या घरांची नावं त्यांनी प्रत्येक अर्जाच्या खाली, गरज नसली तरी, एकेक करून लिहायला लावली. मी ती लिहायचो आणि दर वेळी रखमाजींच्या नावाशी आलो की घाई करायचो.

माळावर मात्र त्यांना कुणी घरात बोलावलं नाही. त्या बांधावर उभं राहून काय चाललंय ते सांगायच्या आणि परत यायच्या. गिताबाई काम न थांबवता ऐकायच्या. एकदा फक्त म्हणाल्या, "तुम्ही उगं पाय झिजवू नका."

२००३ साल दुष्काळाचं. त्या फेब्रुवारीत पालिकेच्या अर्थसंकल्पात गावाच्या वेशीला स्वागतकमान आणि स्टँडच्या चौकात रंगीत दिव्यांचं कारंजं धरलं होतं. खतशेडीसाठी एक रुपयाही नव्हता. सोजरबाई धुरपदा नवले या नगरसेविकेकडं वर्षभर जात-येत होत्या. राखीव जागेवर निवडून आलेल्या धुरपदाबाई सभेत आजवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. सह्या त्यांचे मालकच करायला सांगायचे. सोजरबाई त्यांच्या स्वयंपाकघरात बसून भाकरी थापता थापता त्यांना अंदाजपत्रकातल्या बाबी समजावून सांगायच्या, आणि त्या आदल्या दिवशी मी सोजरबाईंना समजावलेल्या असायच्या.

सभेच्या दिवशी भीमनगरच्या बायका आणि आम्ही दोघं मागं बसलो. बोलायचा हक्क आम्हाला नव्हता. कारंज्याची बाब आली तेव्हा धुरपदाबाई उभ्या राहिल्या. पदर सावरला. मालक बाहेर व्हरांड्यात होते, त्यांनी खिडकीतनं खुणा केल्या, पण बाईंनी तिकडं पाहिलं नाही.

"कारंज्याला पाणी कुठनं आणणार हाय?" त्यांनी विचारलं. "आमच्या वॉर्डात चार दिवसांतनं एकदा टँकर येतोय."

सभागृह हसलं. नगराध्यक्षही हसले. मग हसू थांबलं. धुरपदाबाई बसल्या नाहीत. कारंज्याचे पैसे खतशेडीला द्या, एवढंच त्या परत परत म्हणत राहिल्या, आणि दुसऱ्या दोन नगरसेविका उठून त्यांच्याशेजारी उभ्या राहिल्या.

कारंजं रद्द झालं. कमान राहिली, ती अजून आहे. त्या पैशांतनं तीन खतशेडी, दोन घंटागाड्या आणि खाणीला कुंपण मंजूर झालं. चौथी शेड पेठेत व्हायची होती ती झाली नाही; तिथल्या लोकांनी वास येईल म्हणून कोर्टाची भाषा केली. त्यामुळं पेठेचा ओला कचरा भीमनगरच्या शेडीत यायला लागला. दीक्षा आठवडाभर आईशी बोलली नाही. सोजरबाई रोज सकाळी दवाखान्याच्या आधी शेडीवर जायच्या, पेठेच्या गाडीतलं प्लास्टिक हातानं वेचून काढायच्या, आणि पेठेतल्या शेडीसाठी दर महिन्याला नवा अर्ज द्यायच्या.

खाणीत कचरा टाकणं २००४ च्या दिवाळीला थांबलं. पण त्याच्या आधीच्याच वर्षी रखमाजींची विहीर घाणीनं पार नासली होती. नळ माळापर्यंत पोचला नव्हता. संपतला रांजणगावच्या एका कंपनीत काम मिळालं, तेव्हा मेंढरं विकून सगळं घर कारेगावला भाड्यानं राहायला गेलं. सोजरबाईंना हे ते गेल्यानंतर दोन महिन्यांनी कळलं.

२००५ च्या जानेवारीत आम्ही दोघं एसटीनं कारेगावला गेलो. पत्र्याच्या छपराची चाळ, ओळीनं दहा-बारा खोल्या, शेजारी बिहारकडची पोरं. त्यातल्या एकानं खोली दाखवली, "माताजी उधर रहती हैं." गिताबाई वाळल्या होत्या. रखमाजी घरात नव्हते. एका गोडाऊनवर वॉचमन म्हणून दिवसपाळीला जात होते. आयुष्यभर माळावर राहिलेला तो माणूस खुर्चीवर बसून गेट राखत होता. सून स्वप्नालीनं आम्हाला सतरंजी टाकून दिली.

"खाण बंद झाली, गिताबाई," सोजरबाई म्हणाल्या. "वर माती टाकलीया. कुंपण घातलंय."

"व्हय. संपत सांगत होता."

"हिरीचं पाणी तपासायला दिलंय. साहेब म्हणत्यात, दोन-तीन पावसाळं गेलं की सुधारंल."

"सुधारू दे."

बाहेर कुणाचा तरी टेपरेकॉर्डर चालू होता. सोजरबाईंनी पदराचं टोक हातात घट्ट धरलं होतं. "मी माफी मागायला आले हाय."

"नका मागू, आक्का," गिताबाई म्हणाल्या. "मागितली की मला काहीतरी बोलावं लागंल. आन् माझ्याकडं बोलायला काय न्हाई."

तेव्हा मी बोललो. पाच वर्षांनी. म्हणालो, "बाई, त्या कागदावरचं अक्षर माझं होतं. तुमची वस्ती मलाही ठाऊक होती."

गिताबाईंनी माझ्याकडं पाहिलं. राग दिसला असता तर बरं वाटलं असतं.

"आता सांगून काय करू मी त्याचं?" त्या म्हणाल्या.

स्वप्नालीनं दारातनं हाक दिली, "आत्या, नळ आला." गिताबाई हंडा घेऊन उठल्या. आम्ही निघालो. परतीच्या एसटीत जागा भरपूर होती. सोजरबाई पुढच्या बाकावर बसल्या, मी मागच्या.

रखमाजींच्या पुतण्यानं, भैरूनं, दोन वर्षांनी माळावर परत कांदा लावला. पाणी पिकाला चालतं, प्यायला नाही. रखमाजी-गिताबाई परत आले नाहीत.

२००७ साली सोजरबाई रिटायर झाल्या. पालिकेला त्याच वर्षी स्वच्छतेचं कसलंसं प्रशस्तिपत्र मिळालं होतं, म्हणून निरोपसमारंभ सभागृहात मोठा केला. नव्या नगराध्यक्षांनी भाषण केलं, गावचा कचऱ्याचा प्रश्न या माउलीनं सोडवला म्हणाले. मग त्यांना बोलायला सांगितलं. सोजरबाई माइकपासून जरा लांबच उभ्या राहिल्या.

"खाणीवरच्या लोकांच्या दारात कचरा मीच पाठवला होता," त्या म्हणाल्या. "त्यांचं घर गेलं. ते बी सांगा की कुणीतरी."

लोक हसले, कौतुकानं. त्यांना तो मोठेपणा वाटला. नगराध्यक्ष म्हणाले, "बघा, किती साधेपणा!" टाळ्या सुरू झाल्या. सोजरबाई तिथंच उभ्या होत्या, अजून काहीतरी सांगायचं असल्यासारखं तोंड उघडं ठेवून, आणि टाळ्या थांबत नव्हत्या. शेजारचा वाजवत होता म्हणून मीही वाजवत होतो.